बाराचे

आमच्या सेंटरमध्ये पॅसेजात कुणाचंही नाव घ्यायचं नाही, असा नियम आहे. आत येऊन गेलेल्या माणसाचं नाव बाहेर बसलेल्या माणसाच्या कानावर पडता कामा नये, म्हणून. त्यामुळे आम्ही माणसांना वेळेवरून ओळखतो. साडेदहाचा, तीनची, सव्वापाचची जोडी. "साडेदहाचा आज चक्क हसला," असं सर दाराबाहेर येत म्हणतात आणि आम्हाला कळायचं ते कळतं. वेळ बदलली की माणसाचं नावही बदलतं. तीनची सहाला गेली तेव्हा सर कितीतरी दिवस तिला "आधीची तीनची" म्हणत होते, माहेरचं नाव सांगावं तसं.

आम्ही तिघं मानसोपचार करतो. ताई, ज्यांचं हे सेंटर आहे. सर, जे ताईंच्या हाताखाली शिकले. आणि मी, जी सरांनंतर आली आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतली. तीन खोल्या, मधे पॅसेज, पुढचं दार येणाऱ्यांसाठी, मागचं दार जाणाऱ्यांसाठी. रडून बाहेर पडलेल्या माणसाला वाट बघणाऱ्यांच्या समोरून जावं लागू नये, म्हणून ही दोन दारं. प्रत्येक खोलीच्या दाराशी जमिनीवर एक गोल यंत्र ठेवलेलं आहे. ते सतत घूं करत राहतं, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. आम्ही त्याला भुंगा म्हणतो. भुंगा चालू असताना दार वाजवायचं नाही, हा नावांच्या नियमाहूनही मोठा नियम.

माणसांना आम्ही अशी एकेरी नावं ठेवलेली, पण ताईंच्या एका क्लायंटला मात्र सगळे आदरार्थी बोलायचे. बाराचे. मंगळवारी आणि शुक्रवारी बाराला. "बाराचे आहेत," ताई म्हणायच्या आणि आत जायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या 'चे'मुळे माझ्या डोळ्यांसमोर एक उंच, वयस्कर, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ उभे राहायचे, एवढंच.

माझी चारची होती. बुधवारी चार.

चारची माझ्याच वयाची. तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा थोडा लहान. आपल्या बाळाला काहीतरी होईल अशी तिला भीती वाटते, आणि काय होईल, कसं होईल, तेव्हा आपण कुठे उभ्या असू, हे सगळं तिला स्वच्छ दिसतं. पहिल्या खेपेला तिने बटण सांगितलं. सुटलेलं बटण, बाळाची मूठ, मग तोंड. मी तिला समजावलं की डोक्यात येणं म्हणजे घडणं नव्हे. तिला पटलं. मनापासून मान हलवत ती मागच्या दाराने गेली. मी पिशवी उचलली, पुढच्या दाराने निघाले, घरी पोचले आणि मुलीच्या सगळ्या कपड्यांची बटणं कापून टाकली.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. जमिनीवरचा कण तिला दिसतो आणि दिसला की तोंडात जातो.

मग पडद्याची दोरी गेली. खिडकीजवळचं स्टूल माळ्यावर गेलं. टीव्ही भिंतीला बांधला. टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे गुंडाळले. घर हळूहळू एखाद्या व्यायामशाळेसारखं झालं. हे सगळं दर बुधवारी संध्याकाळी होतं, हे नवऱ्याच्या लक्षात आलं.

"आज कुणाचा नंबर?" तो दारातच विचारायचा. "मी आत येऊ की मलाही माळ्यावर टाकणार?"

त्याला सांगता येत नाही. क्लायंटचं बोलणं घरी सांगायचं नसतं, तो नियम मी मोडलेला नाही. फक्त ऐकलेलं घरात आणून ठेवते.

सासूबाईंना मी आई म्हणते. दिवसभर मुंगी त्यांच्याकडे असते. मी कापलेली बटणं त्यांनी केराच्या डब्यातून वेचून काढली. "आमची पोरं काय बटणं खाऊन मोठी झाली?" त्या म्हणाल्या. "आणि आता पोरीचे कपडे पुढून उघडे. सर्दी झाली तर ती कुणाच्या नावावर?"

सर्दी माझ्या यादीत नव्हती.

मग ती चूक झाली. मुंगीला दुसरा दात येत होता. आदल्या रात्री ती झोपली नव्हती, म्हणजे मीही नाही. चारची बाळाच्या आजारपणाविषयी काहीतरी सांगत होती. मी मान हलवत होते, योग्य जागी "हं" म्हणत होते आणि माझ्या तोंडून आलं, "मग आता दुसरा दात आला का?"

ती थांबली. "त्याला अजून एकही दात नाही."

मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "यायला हवे होते का?"

दाताचं तिच्या डोक्यात नव्हतं. ते मी घातलं. इतके दिवस तिची भीती माझ्या घरी येत होती, आज माझ्या घरची भीती तिच्याकडे गेली. मी सावरून घेतलं, प्रत्येक बाळाचं वेगळं असतं वगैरे. पण तिचा चेहरा पडला तो पडलाच. पुढच्या बुधवारसाठी तिने फोन करून सांगितलं, येता येणार नाही. आमच्याकडे सलग दोनदा न येणाऱ्याची जागा वेटिंगवरच्या माणसाला जाते. म्हणजे अजून एक बुधवार, आणि ती गेली असती. दाताची भीती घेऊन.

आमची आठवड्याची मीटिंग ताईंच्या खोलीत होते. मी म्हटलं, "ताई, चारची तुम्ही घ्याल का?"

"का?"

"मला जमत नाहीये."

"तिचं जमत नाहीये की तुझं?"

मी दाताचं सांगितलं. बटणांचं नाही सांगितलं. सर पेपरमिंट चघळत ऐकत होते. म्हणाले, "माझ्याकडे पाठव."

"तिला बाईच हवी. पहिल्याच दिवशी सांगितलंय तिने."

"मग मी बाद. नेहमीसारखा."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडे जागा नाही."

"मंगळवारचा बारा? नाहीतर शुक्रवारचा? बाराचे आठवड्यातून दोनदा येतात. एकदा आले तर..."

"बाराचे फार जुने आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांना हलवता येणार नाही." आणि त्यांनी विषय बदलला, पंख्याच्या आवाजावर आणला.

पॅसेजात सर माझ्या कानाशी आले. "ताईंच्या बाराला हात लावायचा नाही, बाई. लावला की आपल्या तोंडावर बारा वाजतात. मीही एकदा लावला होता."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"कुणाला?"

"बाराच्यांना."

सर विचारात पडले. "मागच्या दाराने जात असतील," ते म्हणाले.

मागच्या दाराशी तर मीच असते. दुपारी बारा ते एक मी दाराजवळच्या लहान खोलीत बसून पंपाने दूध काढते. फायलींची कपाटं, एक खुर्ची, प्लगपॉइंट. खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात खरखरीत काच आहे, तिच्यातून जाणाऱ्याची सावली दिसते. एरवी मी कानाला इअरफोन लावून फोनवर मुंगीचे व्हिडिओ बघते. मूल समोर दिसलं की दूध लवकर येतं. पुढच्या मंगळवारी मी इअरफोन लावले नाहीत.

भिंतीपलीकडे ताईंचा भुंगा सुरू झाला. माझा पंप चालू होता. दोन यंत्रं एकमेकांना साथ देत होती. काचेवर कुणाचीही सावली आली नाही, एक वाजेपर्यंत नाही. बाहेर जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाराचे आले होते का गं?" ती म्हणाली, "ताई स्वतःच बघतात त्यांचं. पैसेही ताईच आणून देतात." शुक्रवारी मी दार किलकिलं ठेवलं. भुंगा वाजला, भुंगा थांबला, ताई बाहेर आल्या, बेसिनवर तोंड धुतलं आणि आपल्या पुढच्या माणसाला बोलवायला गेल्या. खोलीतून दुसरं कुणीही निघालं नाही.

मला राग यायला हवा होता. आधी आली ती भीती. ताई आजारी असतील. पडल्या असतील. आत काही घेत असतील. मी चारचीसारखीच एकेक करून सगळं स्वच्छ बघितलं. मग राग आला. बाहेर माणसं वाट बघताहेत, माझी चारची हातची चालली आहे, आणि इथे एक तास कुणाच्याच नावावर नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, बुधवारच्या आदल्या दिवशी, मी पंपाची बाटली बंद करून बाजूला ठेवली आणि भुंगा चालू असताना दार वाजवलं.

"ये," ताई म्हणाल्या. विचारलंही नाही कोण ते.

ताई क्लायंटच्या खुर्चीत बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाय टीपॉयवर. हातात काही नाही, मांडीवर काही नाही. टिश्यूचा डबा होता तिथेच, न उघडलेला.

"दार लाव. बस."

बसायला एकच खुर्ची होती, त्यांची. मी तिच्यात बसले. त्या खुर्चीतून आधी घड्याळ दिसतं. समोरच्याला कळू न देता वेळ बघता यावी म्हणून आम्ही ते क्लायंटच्या डोक्यामागे लावतो. आधी घड्याळ दिसलं, मग ताई.

"बाराचे नाही आले?" मी विचारलं.

"आलेत की. बसलेत समोर."

मी हसले नाही. त्याही नाहीत.

"होते एक खरे," ताई म्हणाल्या. "बायको गेल्यावर यायला लागले. बरे झाले. जाताना म्हणाले, माझी जागा गरजवंताला द्या. मी हो म्हटलं. नंतरच्या मंगळवारी काउंटरला सांगायला गेले, आणि माझ्या तोंडून आलं, बाराचे चालू आहेत."

"का पण?"

"त्याच्या आधी कधीतरी एक मुलगी समोर रडत होती. मी तिच्या ओढणीवरची नक्षी बघत होते. पानं होती, एकातून एक निघालेली. कुठल्या पानातून सुरू झाली ते शोधत होते. तिचं रडणं कधी थांबलं मला समजलं नाही. आणि जाताना मला म्हणते कशी, तुम्ही किती शांतपणे ऐकता." ताईंनी पाय खाली घेतले. "शाबासकी मिळाली मला. घाबरायला हवं होतं ना? तेही नाही झालं. म्हटलं, आता मात्र काहीतरी करायला पाहिजे."

"रजा घ्यायची होती."

"घेतली होती. रजेत झोप भरून निघते. हे झोपेचं नव्हतं."

"मग सरळ सांगायचं, हा तास माझा आहे म्हणून. खोटं कशाला?"

"तू सांगून बघ. बाहेर माणसं बसलेली असताना 'मला एक तास काहीही करायचं नाही' असं मोठ्याने म्हणून बघ. माझ्या तोंडून निघत नाही. कुणाच्या तरी नावावर असला तरच तास टिकतो. पैसे मी भरते, सेंटरचं नुकसान नाही." मग म्हणाल्या, "वेटिंगवर कोण आहे हे मला पाठ असतं. इथे बसल्यावर पहिलं तेच आठवतं, एवढं काही तू मला सांगायला नको."

भुंगा बाहेर घूं करत होता. आतून तो ऐकायची माझी पहिलीच वेळ, कारण आत असताना आपण दुसऱ्याचं ऐकत असतो.

"मग चारचीला द्या हा तास," मी म्हटलं. "ती खरी आहे."

"नाही."

मला वाटलं होतं, पकडल्यावर त्या देतील. शरमेने का होईना. त्यांनी ते 'नाही' असं म्हटलं जसं एखाद्याने मीठ हवं का विचारल्यावर म्हणावं.

"ती उद्या आली नाही तर जाईल, ताई. माझ्या चुकीमुळे."

"तुझ्या चुकीमुळे जात असेल तर ती चूक तिला तू सांगायची. मी घेऊन काय होईल? ती म्हणेल, मी इतकी वाईट आहे की ही बाईपण पळाली." ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू चारनंतर काय करतेस?"

"घरी जाते."

"थेट?"

"पळत. मुंगी वाट बघत असते."

"आणि घरी गेल्यावर?"

मी बटणांचं सांगितलं. मग दोरीचं, स्टुलाचं, मोज्यांचं. सांगताना ते मला हास्यास्पद वाटेल अशी आशा होती, पण वाटलं नाही. ताईही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पळतेस म्हणून सगळं तुझ्या मागून घरात येतं. चारनंतर एक तास कुणाला देऊ नकोस."

"पाचला माझी मुलगी असते."

"सहाला घे तिला."

"म्हणजे तास तिचा जाणार."

"तिचाच जाणार," ताई म्हणाल्या. "फुकट आहे असं मी कुठे म्हटलं?" त्यांनी माझ्या डोक्यावरून काहीतरी बघितलं. त्या खुर्चीतून खिडकी दिसते, हे मला नंतर कळलं. आमच्या खुर्चीची पाठ तिला असते. "आता जा. माझा वेळ चालू आहे."

बुधवारी चार वाजले. चारची आली नाही. मी माझ्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. उघडउघड, कारण समोर कुणी नव्हतं. बाळाला काही झालं असेल. दाताचं काही नसतं, पण ती धावतपळत दवाखान्यात निघाली असेल, रस्ता ओलांडताना... मी उठून दारापर्यंत गेले, आणि दार बाहेरून उघडलं.

"मी येणार नव्हते," ती म्हणाली. उभीच होती.

"बसा."

"बसत नाही. सांगते आणि जाते. तुम्ही दाताचं विचारलंत. मी त्याचं तोंड सारखं उघडून बघते. आता तो मला बघितलं की तोंड मिटून घेतो."

मला माझी मान हलताना जाणवली, नेहमीच्या कोनात. मी ती थांबवली.

"ते वाक्य तुमच्यासाठी नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या घरचं होतं. मी तुमचं ऐकत नव्हते तेव्हा. चूक माझी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी खांद्यावरून काढली, पण हातातच धरली. "तुम्हाला मूल आहे?"

"आहे."

"दात त्याला आलाय."

"तिला. दुसरा."

"मग झोप नसेल तुम्हाला." ती बसली. "मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, काहींना वाढदिवसाला येतात, काळजी कसली. मला तुमचा इतका राग आला, विचारू नका. घरात नवऱ्याला म्हटलं, ती बाई बिनडोक आहे." तिने पिशवी खाली ठेवली. "राग बरा वाटला खरं. तेवढा वेळ घाबरले नाही."

"अजून आहे का राग?"

"आहे थोडा."

"राहू द्या."

त्यावर तिला हसू आलं. माझ्या मुलीविषयी तिने पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तास अर्धाच उरला होता. त्या अर्ध्या तासात तिने पाण्याची बादली सांगितली. बाथरूममधली, भरून ठेवलेली, आणि रांगत आलेलं बाळ. काठावर धरलेले हात कसे सटकतील तेही सांगितलं. मी ऐकलं. या वेळी सगळं ऐकलं, आणि ते मान हलवून ऐकण्यापेक्षा जड गेलं.

ती मागच्या दाराने गेली. पाच वाजले. मी पिशवी उचलली नाही. काउंटरवर जाऊन म्हटलं, "बुधवारी पाचला माझ्याकडे आता कुणी घालू नकोस. पाचचे आहेत."

सर त्यांच्या सव्वापाचच्या जोडीसाठी खुर्च्या सरकवत होते. "पाचचे? हे कोण आता?"

"जुने आहेत," मी म्हटलं. "ताईंच्या ओळखीचे."

ताई पाण्याची बाटली भरत होत्या. त्यांनी बाटली बंद केली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

मी भुंगा लावला, दार लावलं आणि चारचीच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन चढत होता, मजल्या-मजल्यावर थांबत. बादली डोक्यात होती. मुंगी डोक्यात होती, आत्ता उठून दाराकडे बघत असेल. दोघी एकमेकींच्या जवळ यायच्या, मी बघायचे, मग लांब जायच्या. बरं वाटलं असं काही म्हणता येणार नाही. कंटाळा मात्र आला, आणि किती दिवसांनी आला.

घरी पोचले तेव्हा मुंगी आईंच्या कडेवर रडून लाल झाली होती.

"आज कुठे होतीस गं?" आई म्हणाल्या. "पाचपासून दाराला डोळे लावून बसलीय. तुझं हे रोजचं होणार असेल तर आधी सांगून ठेव."

"फक्त बुधवारचं, आई."

"बुधवारी तर तू घर मोडायला येतेस. आज काय कापायचंय?"

"काही नाही."

मुंगीला घेतलं. तिने माझा गळा धरला, मग रागाने सोडला, मग पुन्हा धरला. नवऱ्याने आतून आवाज दिला, "मी माळ्यावर जाऊ का?" मी तिला घेऊन बाथरूममध्ये हात धुवायला गेले. नळाखाली बादली होती, काठोकाठ भरलेली.

मी बादलीकडे बघत उभी राहिले. ही भीती चारचीची होती. बादली आमची होती. रांगणाऱ्या मुलाच्या घरात भरलेली बादली कुणीही ठेवू नये, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाने सांगितलं असतं. मी एका हाताने ती कलती केली, पाणी मोरीत जाऊ दिलं आणि बादली उपडी ठेवली. इतर कशाला हात लावला नाही.

बाहेर आले तर आई दिव्याखाली बसल्या होत्या. मांडीवर मुंगीचे कपडे, हातात त्यांनी जपून ठेवलेल्या बटणांची वाटी.

"मी शिवणार आहे," त्या म्हणाल्या. भांडायच्या तयारीने.

"शिवा," मी म्हटलं. "पण दुहेरी दोऱ्याने शिवा. शिवून झालं की मी एकेक ओढून बघणार."